जुनी टीव्हीआर किमेरा घेताना आधी काय पाहावे : चासी की कागदपत्रे?

धागाकर्ता

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी काही जणांच्या मनात सध्या जुनी टीव्हीआर किमेरा ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेण्याचा विचार आहे, आणि त्यांचे बोलणे बहुतेक वेळा तिच्या आठ सिलिंडरांच्या व्ही-८ इंजिनाच्या आवाजापासून सुरू होऊन किमतीवर येऊन थांबते. माझे ठाम मत असे आहे की ब्लॅकपूलच्या कारखान्यात १९९२ ते २००३ या काळात हाताने जुळवलेल्या या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, सर्वांत आधी पाहावी, आणि गाडी रॅम्पवर चढवू न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढची बोलणी करूच नयेत.

या गाडीचे बाहेरचे अंग फायबरग्लासचे आहे. ते गंजत नाही, आणि नेमकी तीच फसगतीची जागा आहे, कारण वरून रंग चकाकत असतो, दारे नीट लागतात, पण खालचा नळ्यांचा सांगाडा पोलादाचा असतो. कारखान्यात त्यावर पावडर कोटिंग केले जाई. खडे लागून किंवा वयोमानाने त्या थराला चीर पडली की पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ आत शिरते. मग वरचा थर जागच्या जागी दिसत राहतो आणि त्याखालचे पोलाद गंजत जाते. सर्वांत आधी निकामी होतात ते आउटरिगर, म्हणजे मधल्या मुख्य सांगाड्यापासून दोन्ही बाजूंना, दारांच्या खालपर्यंत गेलेल्या नळ्या. सीटबेल्टचा आधार या भागाशी जोडलेला असल्यामुळे हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही, जिवाचाही आहे.

म्हणून चांगला दिवा घेऊन पुढच्या चाकामागचे आणि मागच्या चाकापुढचे कोपरे हाताने चाचपावेत. थर फुगलेला असेल किंवा दाबताच त्याचे पापुद्रे निघत असतील, तर आतले पोलाद संपत आले आहे असे समजावे. जुन्या गाडीच्या पोटाला नुकताच काळा रंग जाड फासलेला आढळला, तर तो का फासला आहे हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर पटेपर्यंत पैशाचे नाव काढू नये.

प्रतिसाद १

तुमची काळजी रास्त आहे, पण क्रम मला मान्य नाही. रॅम्पवर गाडी चढवून तुम्हाला चासीचा खालचा भाग दिसतो. वरच्या नळ्या फायबरग्लासच्या अंगाला अगदी लागून जातात आणि अंग उचलल्याशिवाय त्या धड दिसतही नाहीत, हाताला लागणे तर दूरच. म्हणजे ज्या तपासणीवर तुम्ही सगळा निर्णय सोपवत आहात, ती मुळातच अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्याचा पुरावा एकच, तो म्हणजे गाडीची फाइल. अंग उचलून चासी साफ केली, गंजलेले भाग कापून नवे जोडले, पुन्हा कोटिंग केले, या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि त्या वर्कशॉपचे बिल असेल, तरच मी त्या चासीवर विश्वास ठेवीन.

शिवाय ही गाडी एका साच्यातून निघालेली नाही. आधीच्या मालकांनी इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), वायरिंग, इंजिनाचे नियंत्रण करणारे युनिट यांत काय काय बदल केले हे फाइलीशिवाय कळायला मार्ग नाही. या गाडीतल्या रोव्हरच्या व्ही-८ इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, झिजतो, हे या गाड्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो कधी बदलला आणि त्याबरोबर त्यावर टेकणारे टॅपेटही बदलले का, हे केवळ कान लावून ठरवता येत नाही, कारण झीज हळूहळू होते आणि रोज गाडी चालवणाऱ्या मालकालाही इंजिन वेगाने फिरताना कमी झालेला जोर जाणवत नाही.

धागाकर्ता

वरच्या नळ्यांविषयीचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा असायला हवा. खालचा, सहज दिसणारा भाग खराब असेल तर न दिसणाऱ्या भागाबद्दल आशा बाळगण्याचे कारणच उरत नाही, आणि खालचा भाग चांगला असेल तरच फाइल उघडण्याचे श्रम घ्यावेत.

बिलाच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवायलाच हवा. अंग थोडेसे वर उचलून फक्त आउटरिगर बदलणे हे एक काम, आणि अंग पूर्ण वेगळे करून संपूर्ण चासीची डागडुजी करणे हे दुसरे. दोन्हींच्या खर्चात हजारो पौंडांचा फरक पडतो, पण विक्रीच्या जाहिरातीत दोन्हींना सर्रास ‘चासीचे काम झाले आहे’ असेच म्हटलेले असते. बिलावर नेमके कोणते काम लिहिले आहे ते वाचावे आणि ते प्रत्यक्ष नळीवर जुळते का हे पाहावे. कॅमशाफ्टचे म्हणाल, तर तो अंग न उचलता बदलता येतो. त्यामुळे तो किमतीत धरण्याचा विषय आहे, गाडी नाकारण्याचा नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही एका फुकट मिळणाऱ्या साधनाला विसरलात. ब्रिटनमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की वार्षिक एमओटी चाचण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या सक्तीच्या तपासण्यांचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर दिसतो. त्यात दरवर्षीचे मायलेज असते आणि परीक्षकाने गंजाबद्दल दिलेल्या सूचनाही असतात. एका वर्षी ‘चासीवर गंज’ अशी सूचना आणि पुढच्या वर्षी ती गायब, तर मधल्या काळात दुरुस्ती झाली की नुसता रंग लावला, हा प्रश्न विक्रेत्याला विचारता येतो. मात्र चाचणीत उत्तीर्ण होणे म्हणजे चासी निर्दोष असणे नव्हे, कारण परीक्षक काहीही उघडून पाहत नाही.

कमी मायलेज पाहून जास्त पैसे मोजण्याची पद्धत मला सर्वांत घातक वाटते. वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीतल्या पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोल गळणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. टायरची नक्षी भरपूर असली तरी बाजूवरच्या चार अंकांवरून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते वाचावे. दरवर्षी काही हजार मैल चाललेली आणि चाललेल्या प्रत्येक वर्षाचे बिल असलेली गाडी मला केव्हाही जास्त विश्वासाची वाटते.

प्रतिसाद ३

धागाकर्त्यांचा नियम किमेरा आणि टीव्हीआरच्याच ग्रिफिथपुरता ठीक आहे, पण तो सगळ्या टीव्हीआरना लावू नये. टीव्हीआरचीच टस्कन किंवा सहा सिलिंडरांची सर्बेरा घ्यायची असेल, तर त्यातले स्पीड सिक्स इंजिन कंपनीचे स्वतःचे आहे. सुरुवातीच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या गाइड आणि व्हॉल्व्ह दाबणारे फिंगर फॉलोअर लवकर झिजल्यामुळे अनेक इंजिने पूर्ण उघडून पुन्हा बांधावी लागली. तिथे मी आधी इंजिनाची बांधणी कोणी केली, कधी केली आणि कोणते सुटे भाग वापरले हे विचारीन, आणि मगच चासीखाली वाकेन.

किमेरासाठी मात्र एक भर घालतो. गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला इंजिन थंड ठेवायला सांगावे. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करावे, फेरी मारून आल्यावर ते चालूच ठेवून तापमानाच्या काट्याकडे पाहत राहावे, आणि रेडिएटरचे पंखे आपोआप सुरू होईपर्यंत जागचे हलू नये. नंतर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवावी. बॉनेटखाली उष्णता फार साठत असल्यामुळे स्टार्टरचे आणि त्याच्या वायरिंगचे दुखणे याच वेळी उघड होते, आणि थंड गाडीवर ते कितीही शोधले तरी सापडत नाही.