शब्दचर्चा: विक्षिप्त, तऱ्हेवाईक की छांदिष्ट?

नुकतीच एक कादंबरी वाचून संपवली आणि निराश झाले. मलपृष्ठावर ‘एका विक्षिप्त, स्वतंत्र स्त्रीची नवी सुरुवात’ असं लिहिलंय. नायिका घटस्फोटानंतर पुण्यात एकटी राहते, घरातली घड्याळं मुद्दाम चुकीची लावते, निवडुंगाशी गप्पा मारते. हिला ‘विक्षिप्त’ म्हणायचं का? मला शब्द खटकला.

प्रतिसाद १

खटकणारच. विक्षिप्तचा मूळ अर्थ विखुरलेला, इकडेतिकडे फेकला गेलेला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त चित्त मधूनच स्थिरावतं, पण टिकत नाही. रोजच्या मराठीत मात्र या शब्दाला कडवटपणा चिकटलाय. विक्षिप्त माणसाला शेजारीपाजारी बिचकून असतात.

छांदिष्टाला कसला तरी नाद लागलेला असतो. लहरी माणसाचं आज एक, उद्या दुसरंच. तऱ्हेवाईक माणसाची स्वतःची एक तऱ्हा असते आणि ती सुटत नाही. माझे आजोबा वाढण्याआधी ताट धोतराच्या सोग्याने पुसून घेत. लग्नाच्या पंगतीतही. आजी संकोचाने अर्धी होई, पण त्यांनी कधी सोडलं नाही.

चर्चा सुरू करणारी

मग ही बाई तऱ्हेवाईकसुद्धा नाही! चुकीची घड्याळं पहिल्या दोन प्रकरणांनंतर गायबच होतात. माझी खरी तक्रार तीच आहे. लेखिकेने चमत्कारिक सवयी दागिन्यांसारख्या अंगावर घातल्यात, आतलं माणूस घडवलेलंच नाही.

प्रतिसाद २

‘स्वतंत्र’बद्दलही बोलायला हवं. स्वावलंबी म्हणजे आपल्या पायावर उभी, स्वतंत्र म्हणजे आपले निर्णय आपण घेणारी. कमावती बाई स्वावलंबी असूनही स्वतंत्र नसते, हे आपण घरोघरी पाहतो.

माझ्या मावसबहिणीने घटस्फोटानंतर नवी घडी बसवली ती रेशनकार्डापासून. आधी सासरच्या कार्डावरून ‘नाव कमी केल्याचा दाखला’, मग नवं कार्ड. बँकेत नाव बदल, आधारवर नाव बदल. घर बघायला गेलं की मालकाचा पहिला प्रश्न, ‘सोबत कोण असेल?’ यातलं काही आहे का त्या कादंबरीत?

चर्चा सुरू करणारी

एक ओळ नाही. घर आपोआप मिळतं, अनामत कोणी भरली कळत नाही. १९३४ सालच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत विभावरी शिरूरकरांनी नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई उभी केली, तेव्हा तर मुंबई इलाख्यातल्या हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोटही मिळत नव्हता, तो कायदा १९४७ साली आला. इतक्या वर्षांनी आपल्याला निवडुंगाशी गप्पा वाचायला मिळाव्यात याचं वाईट वाटतं.

प्रतिसाद १

वाईट वाटणं रास्त आहे. शब्दापुरतं बोलायचं तर मलपृष्ठावर ‘लहरी’ चाललं असतं. ‘तऱ्हेवाईक’ राखून ठेवा, तो कमवावा लागतो.