मदत हवी आहे: शेडचं लोखंड आत्ता उचलू की थांबू? जगात भाव पडतायत म्हणे

होटगीरोड_९२
चिंचोली एमआयडीसीत शेड टाकायची आहे. फॅब्रिकेटरने किलोला ९६ रुपयांनी कोटेशन दिलंय, मुदत फक्त ७ दिवस. बातम्यांत रोज येतंय की चीनमध्ये पोलाद पडून आहे, जगभर भाव उतरतायत. मग सोलापुरात का उतरत नाहीत? दोन महिने थांबलो तर किलोमागे ८-१० रुपये वाचतील का? उद्या संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा की नाही हे सांगायचंय. 'अवलंबून आहे' असं उत्तर कृपया नको.

काटा_पावती
अवलंबून आहे. :)
मालक, ९६ कशाचे? नुसत्या मालाचे नक्कीच नाहीत. कटिंग, वेल्डिंग, रंग, उभारणी धरून का? जीएसटी आत की वर? टन किती? माप काय? ट्रसची (अँगल जोडून केलेल्या कैचीची) शेड की पीईबी (कारखान्यातून तयार होऊन येणारी)? पत्रा त्यातच आहे का? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे.

हुतात्मा_एक्सप्रेस
थांबा. डोळे झाकून थांबा. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांहून जास्त पोलाद बाहेर विकलं. २०२१ पासून तिथली घरबांधणी बसली आहे, भट्ट्या मात्र चालूच. अमेरिकेने जून २०२५ मध्ये आयातशुल्क २५ वरून ५० टक्के केलं. तिकडे न खपलेला माल कुठेतरी ओतला जाणारच. मागणी-पुरवठ्याचं साधं गणित आहे.

जालना_बिलेट
गणित साधं आहे, पण दुसऱ्याच मालाचं. एक्स्प्रेस साहेब, चीनमधून जास्त करून येतो तो फ्लॅट माल, म्हणजे कॉइल, शीट, प्लेट. त्यातल्या बऱ्याचशा मालावर आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सेफगार्ड शुल्क, म्हणजे आयात रोखणारा जादा कर आहे, सुरुवातीला १२ टक्के. आधी २०० दिवसांसाठी तात्पुरतं होतं, नंतर तीन वर्षांसाठी कायम झालं: पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५, तिसऱ्या वर्षी ११. भर समुद्रात भाव पडला तरी बंदरावर हा बांध आहे.

आणि ट्रसचा अँगल-चॅनल हा लाँग माल, म्हणजे लांब नगांत लाटलेला. तो सोलापुरात येतो रायपूर-भिलाई पट्ट्यातून, नाहीतर जालना भागातून. तिथल्या इंडक्शन फर्नेस (विजेच्या भट्ट्या) चालतात स्पंज आयर्न (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड), भंगार आणि विजेवर. टनामागे ६०० युनिटांच्या वर वीज जाते. म्हणून या मालाचा भाव शांघायच्या वायद्यापेक्षा स्पंजचा दर, भंगाराचा दर, एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीची लोहखनिजाच्या दराची घोषणा आणि वीजदर यांच्यावर जास्त हलतो. मोठ्या कारखान्यांच्या ब्लास्ट फर्नेसचा माल वेगळा, तो कोकिंग कोळशावर हलतो. तो कोळसा आपण बहुतेक बाहेरून आणतो, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून. म्हणजे तिथे डॉलर आलाच.

हुतात्मा_एक्सप्रेस
बिलेट, म्हणजे लाँग माल ज्यातून लाटतात तो ठोकळा, चीनमधूनही निघतं हो. २०२५ मध्ये त्यांची बिलेटची निर्यात जोरात वाढली. भाव सगळीकडे एकमेकांना ओढतातच.

जालना_बिलेट
ओढतात, पण उशिरा आणि अर्धवट. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून चीनने निर्यातीला परवाना लावलाय, तेही धरा. आणि वर्तमानपत्रातलं 'स्टील स्वस्त' हे दहातल्या आठ वेळा सळईबद्दल असतं. सळई म्हणजे गर्डर नव्हे.

होटगीरोड_९२
बरं, माहिती देतो. ६० बाय १५० फूट. वजन ३१ टन. ९६ मध्ये माल, काम, रंग, उभारणी सगळं. जीएसटी वेगळा, पत्रा वेगळा. माल ५८ ने धरलाय म्हणाला. ट्रसच आहे. आता सांगा, भाव उतरणार का?

गसेट_प्लेट
भाव राहू द्या, आधी वजन बघू. ६० बाय १५० म्हणजे ९,००० चौरस फूट, साधारण ८३६ चौरस मीटर. ३१ टनाला भागलं तर चौरस मीटरला ३७ किलो. साध्या ट्रसच्या शेडला हे जड आहे. एकतर उंची जास्त आहे, नाहीतर क्रेन आहे, नाहीतर ड्रॉइंगच न करता अंदाजाने मोठा आकडा लिहिलाय. क्रेन आहे का?

दुसरं, आकडा समोर ठेवून बघा. किलोमागे ३ रुपये उतरले तर ३१ टनांवर ९३,००० वाचतील. वजन १० टक्के कमी झालं, म्हणजे ३.१ टन, तर ९६ च्या दराने २,९७,६०० वाचतात, जीएसटी सोडून. तुम्ही ज्या आकड्याकडे बघत बसलाय त्याच्या तिप्पट पैसा वजनात पडून आहे.

वळसंग_नाका
ट्रसला अँगल वापरताच कशाला? चौकोनी पाइप घ्या. आयएस ४९२३ या मानकाचा, यिल्ड (ताकद) ३१० वाला. वजन सरळ खाली येतं, दिसायलाही स्वच्छ. १०० बाय १०० बाय ४ चा पाइप मीटरला पावणेबारा किलोच्या आसपास. अँगलची जोडी लावून तेवढी ताकद काढून दाखवा.

गसेट_प्लेट
पाइप वाईट नाही. पण दर अँगलचा लावून पाइपचं वजन धरता येत नाही, पाइपचा किलोदर वेगळा असतो. शिवाय जोडावर पाइपचं तोंड नेमक्या कोनात कापावं लागतं, ते हाताच्या गॅसने केलं की फट राहते आणि वेल्डर ती रॉडने भरतो. टोकं झाकली नाहीत तर आतून गंज. आणि बाजारात ४ चा म्हणून ३.६ चा सर्रास मिळतो. व्हर्नियर लावल्याशिवाय पाइप उतरवून घेऊ नका.

वळसंग_नाका
३.६ चा अँगलमध्येही मिळतो की ओ. दोष पाइपचा नाही, विकणाऱ्याचा आहे.

काटा_पावती
हा मुद्दा खरा आहे. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला ४.५ किलो, म्हणजे ६ मीटरचा तुकडा २७ किलो भरला पाहिजे. तो २४ भरला तर जाडी साधारण सव्वापाच मिमी झाली. बिल काट्याच्या वजनावर असेल तर पैसे बुडत नाहीत, पण ताकद बुडते. बिल ड्रॉइंगच्या वजनावर असेल तर दोन्ही बुडतात. म्हणून विचारतो, ३१ टन कोणत्या मोजणीने? ड्रॉइंगवरून की काट्यावर? गसेट प्लेट (जोडावरची प्लेट) कापलेल्या आकारात मोजणार की भोवतीच्या पूर्ण चौकोनात? वेल्डिंग आणि बोल्टचे टक्के वेगळे लावणार का? तुकडा-टाकाऊ माल कोणाचा?

प्लेटचा हिशेब सोपा आहे: जाडीच्या दर मिलिमीटरला चौरस मीटरला ७.८५ किलो. ८ मिमीची प्लेट ६२.८ किलो. ड्रॉइंग हातात आलं की कुणीही तासाभरात बेरीज तपासू शकतो.

अक्कलकोट_रोडवाला
९६ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २९,७६,००० वर ५,३५,६८०. एकूण ३५ लाखांच्या वर. हा परत मिळेल असं गृहीत धरू नका. स्वतःसाठी बांधलेल्या इमारतीवर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) अडतं. यंत्रांचा पाया आणि आधाराचा सांगाडा 'प्लांट अँड मशिनरी'त बसतो, इमारत बसत नाही. बिलं एकत्र करू नका, सीएला आधीच विचारा.

होटगीरोड_९२
मी जीएसटी विचारला नव्हता. भाव विचारला होता.

अक्कलकोट_रोडवाला
दादा, सव्वापाच लाख हा भावच आहे.

सोलापूर_४४_अंश
पत्र्याचं कुणी बोलत नाही. ॲल्युमिनियम-झिंक लेपाचा रंगीत पत्रा घ्या, कमीत कमी ०.५० मिमी, वरचा रंग पांढरा किंवा फिका. लालभडक नको, मे महिन्यात आत माणूस उभा राहणार नाही. खाली बबल शीट, शिखरावर टर्बो व्हेंटिलेटर.

गसेट_प्लेट
पत्रा त्यांनी वेगळा ठेवलाय. क्रेन आहे का, याचं उत्तर अजून आलं नाही.

होटगीरोड_९२
हो, ५ टनी ईओटी (वरून रुळांवर सरकणारी विजेची क्रेन) आहे. त्यात काय सांगायचं? कारखान्याच्या शेडमध्ये क्रेन असतेच.

गसेट_प्लेट
हेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आता ३७ किलोचं कोडं निम्मं सुटलं. क्रेन आली की कॉलम जड होतात, ब्रॅकेट येतात, गॅन्ट्री गर्डर (ज्यावर क्रेन धावते तो) येतो, आडवं ब्रेसिंग वाढतं. आयएस ८०० या मानकाप्रमाणे विजेवरच्या ५० टनांपर्यंतच्या क्रेनला गॅन्ट्री गर्डरचा झोल (खाली वाकणं) गाळ्याच्या, म्हणजे दोन कॉलमांमधल्या अंतराच्या, ७५० व्या भागापेक्षा जास्त नको. इथे अनेक जण फसतात: 'ई ३५० (जास्त ताकदीची ग्रेड) घेऊ, वजन कमी होईल' म्हणतात. ग्रेड वाढली तरी लोखंडाची लवचीकता तीच राहते, झोल तेवढाच येतो. जिथे झोल ठरवतो तिथे महाग ग्रेडचे पैसे वाया. ताकद ठरवते त्या कॉलमच्या प्लेटमध्ये ती वापरा.

गाळे किती आहेत? १५० फूट म्हणजे ४५.७ मीटर. ७ गाळे केले तर एक गाळा ६.५३ मीटर. गर्डर १२ मीटर लांबीत येतो, त्यातून एक तुकडा निघाला की साडेपाच मीटर उरतो. ८ गाळे केले तर गाळा ५.७१, एका गर्डरमधून दोन, उरतो जेमतेम अर्धा मीटर. एमबी २५० सारखा गर्डरसुद्धा मीटरला ३७.३ किलो, म्हणजे साडेपाच मीटरचा तुकडा २०५ किलो. उरलेले तुकडे जोडून लावू म्हणाला तर गॅन्ट्रीवर मधोमध जोड चालणार नाही, आधीच सांगून ठेवा.

होटगीरोड_९२
गाळे ७ आहेत. :(

वळसंग_नाका
काळ्या मातीचा पाया कुणी बघितला का? गाळे आठ केले की फूटिंगही दोन वाढणार.

गसेट_प्लेट
बरोबर, दोन्ही बाजूंना एकेक. ते लोखंडाच्या बचतीतून वजा करा आणि मग ठरवा. चिंचोलीत मुरूम किती खोल लागतो ते खड्डा घेतल्याशिवाय कळणार नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
सगळे फाटे फोडतायत. त्यांचा प्रश्न जागतिक बाजाराचा होता. जानेवारी २०२६ पासून युरोपात कार्बन शुल्काची पक्की अंमलबजावणी सुरू झाली, म्हणजे आपल्या मोठ्या कारखान्यांचा तिकडे जाणारा माल इथेच राहणार, भाव दबणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिनीतली सिमांडूची लोहखनिजाची खाण सुरू झाली. सगळ्या खुणा खालच्याच आहेत.

जालना_बिलेट
दिशा खालची असेल, मी नाही म्हणत नाही. पण युरोपात जातो तो मुख्यतः फ्लॅट माल आणि सिमांडूचं खनिज चीनच्या भट्टीत जाणार. रायपूरच्या अँगलपर्यंत ते पोचेपर्यंत यांची शेड उभी राहून पत्र्यावर कबुतरं बसतील. उलटं उदाहरणही लक्षात ठेवा. मे २०२२ मध्ये सरकारने १५ टक्के निर्यातशुल्क लावलं, भाव घसरले. नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. एका अधिसूचनेवर बाजार फिरतो. कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

दोन महिन्यांचं म्हणाल तर मोसम बघा. पावसाळ्यात बांधकाम थंडावतं, लाँग माल सहसा नरम असतो. दिवाळीनंतर उचल वाढते, मार्चपर्यंत सरकारी कामांची घाई. ५८ च्या मालात ८-१० उतरणं म्हणजे १४ ते १७ टक्के. होत नाही असं नाही, पण त्यावर कारखाना थांबवू नये. १८ लाखांच्या मालावर १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला १८,००० पडतात. तेवढाच थांबण्याचा फायदा. तुमची यंत्रं येऊन पडली असतील तर भाडं आणि हप्ता याहून जास्त जाईल.

होटगीरोड_९२
म्हणजे ॲडव्हान्स देऊ?

काटा_पावती
या कोटेशनवर नको. अण्णा, दर तोडून मागा: माल वेगळा, काम वेगळं. मालाचा बेस ५८ लिहून घ्या. माल उचलायच्या दिवशी कारखान्याच्या बिलावर जो दर असेल त्यातला फरक वर-खाली दोन्ही बाजूंनी, रुपयाला रुपया. नुसतं 'वाढल्यास' लिहिलेलं कलम सही करू नका. कामाचे ३८ मात्र पक्के, त्यांना बाजाराशी काही देणंघेणं नाही.

माल दोनदा उचला. कॉलम, गॅन्ट्री, बेस प्लेट आधी, कारण उभारणी तिथूनच सुरू होते. ट्रस आणि पर्लिन (पत्रा टेकायचे आडवे नग) नंतर. भाव खाली आला तर निम्म्या मालावर फायदा, वर गेला तर निम्माच मार. ॲडव्हान्स पहिल्या हप्त्याच्या मालापुरताच, तोही ड्रॉइंग मंजूर झाल्यावर.

गर्डर आणि प्लेट मोठ्या कारखान्याची मागा, आयएस २०६२ च्या टेस्ट सर्टिफिकेटसह. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर) प्लेटवर मारलेल्या नंबराशी जुळवा. झेरॉक्स देऊन 'सगळा त्याच लॉटचा आहे' म्हणाला तर समजून जा. अँगल री-रोलिंगचा चालेल, पण आयएसआय मार्क आणि तुकड्याचं वजन बघून.

होटगीरोड_९२
फोन केला. बेस रेटचं कलम दोन्ही बाजूंनी लिहून द्यायला तयार आहे. ८ गाळ्यांचं ड्रॉइंग चार दिवसांत देतो, तोवर कोटेशनची मुदत धरतो म्हणाला. फक्त काटा त्याच्या वर्कशॉपजवळचाच पाहिजे म्हणतो. चालेल का?

काटा_पावती
त्याचा काटा चालेल, पण तेवढाच नको. भरलेली गाडी चिंचोलीत शिरण्याआधी दुसऱ्या काट्यावर घ्या, रिकामी जाताना पुन्हा त्याच काट्यावर. डिझेल, स्टेपनी, क्लीनर दोन्ही वेळी सारखे. दोन्ही पावत्यांवर गाडी नंबर आणि वेळ हवी. गाडीमागे २०-३० किलोंचा फरक सोडून द्या, त्याहून जास्त असेल तर उतरवायच्या आधी बोला, नंतर नाही.

सोलापूर_४४_अंश
आणि पत्रा पांढराच घ्या.