आयरिश ब्राउन ब्रेड आतून चिकट राहतो

प्रश्न (रामबाग, इंदूर):
माझा मुलगा आयर्लंडमधील कॉर्क येथे राहतो. त्याच्याकडे गेले असताना तेथील घरगुती ब्राउन ब्रेड मला इतका आवडला की परतल्यावर मी तो दोनदा करून पाहिला, पण दोन्ही वेळा वरचे कवच दगडासारखे कडक झाले, आतला भाग चिकट राहिला आणि चवीला किंचित साबणाचा वास आला. प्रमाण असे होते: चक्कीवरून दळून आणलेली बारीक कणीक 450 ग्रॅम, खाण्याचा सोडा दोन चमचे, मीठ एक चमचा आणि घरचे ताक 400 मिलिलिटर. पोळ्यांच्या कणकेप्रमाणे पीठ चांगले मळून मी अर्धा तास झाकून ठेवले आणि ओव्हनमध्ये 200 अंशांवर चाळीस मिनिटे भाजले. यात यीस्ट घालायला हवे होते का?

पहिले उत्तर:
काकू, यीस्टची मुळीच गरज नाही. आयर्लंडच्या थंड, दमट हवेतला गहू मऊ असतो, त्यात पिठाला चिवटपणा देणारे ग्लुटेन कमी असल्याने यीस्टचा ब्रेड नीट फुगत नाही. म्हणून 1830 नंतर खाण्याचा सोडा मिळू लागल्यावर हा ब्रेड तेथे घरोघरी रुजला. सोड्यावर आंबट द्रव पडताच वायू तयार होऊ लागतो, त्यामुळे पोळीच्या कणकेला मानवणारी अर्ध्या तासाची विश्रांती येथे घातक ठरते, कारण तेवढ्या वेळात वायू निघून जातो. मळणेही टाळावे, पीठ हाताने जेमतेम एकत्र करून लगेच भाजायला ठेवावे. साबणाच्या वासाचे कारण म्हणजे सोडा जास्त आणि आंबटपणा कमी. उरलेला सोडा तापल्यावर धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार होतो. 450 ग्रॅम पिठाला सपाट एक चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, पुरतो. शिवाय आपले ताक पाणी घालून घुसळलेले असते, तेथले बटरमिल्क दाट असते. आंबट दही 300 ग्रॅम आणि पाणी 100 मिलिलिटर असे फेटून घ्या.

दुसरे उत्तर:
मी फक्त पिठाविषयी लिहितो. बाफल्यांसाठी (उकडून मग भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी) आपण जे जाडसर पीठ दळून आणतो, तेच येथे उत्तम, कारण तेथील पीठही कोंड्यासह भरड असते. 300 ग्रॅम जाड पीठ आणि 150 ग्रॅम मैदा घ्या. गोळ्यावर सुरीने खोल चौफुली कापा, म्हणजे मध्यापर्यंत उष्णता पोचते. (तेथील जुन्या घरांत झाकणाच्या लोखंडी भांड्यावर पीट नावाच्या इंधनाचे निखारे ठेवून हा ब्रेड भाजत असत. गोवऱ्यांवर बाट्या भाजणाऱ्या आपल्या माळव्यातल्या लोकांना ती रीत परकी वाटू नये.)

पहिले उत्तर देणारे:
ओव्हन आधी तापवून 220 अंशांवर पंधरा मिनिटे आणि पुढे 200 अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजा. उलटा करून तळावर टकटक केल्यास पोकळ आवाज आला की झाला. कवच मऊ हवे असल्यास स्वच्छ कापडात गुंडाळा, आणि पूर्ण निवण्याआधी कापू नका. गरम असताना कापलेला ब्रेड शिजलेला असूनही आतून ओला वाटतो.

प्रश्न विचारणाऱ्या काकू:
आपणा दोघांचे मनापासून आभार. रविवारी असाच केला. साबणाचा वास गेला आणि आतला भाग मोकळा झाला. मात्र पातळ काप केले की चुरा होतो.

दुसरे उत्तर देणारे:
काकू, तो त्याचा स्वभावच आहे. बोटाएवढे जाड काप करा, लोणी लावून शक्यतो त्याच दिवशी खा, आणि दुसऱ्या दिवशी उरलाच तर तव्यावर शेकून घ्या.