शब्दचर्चा: मध्यस्थी, रदबदली की नावं घेणं?

पंचहौदकर

एका शब्दासाठी मदत हवी आहे. तो दगडावर कोरायचा आहे, त्यामुळे चुकून चालणार नाही.

आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. कबरीवर दगड बसवायचा आहे. नाव, जन्म, मृत्यू आणि खाली एक ओळ. ती ओळ तिच्या प्रार्थनेबद्दल असावी, यावर आम्हा चारही भावंडांचं एकमत आहे. शब्दावर मात्र नाही. थोरल्या भावाने लिहून आणलं, 'आमची मध्यस्थ'. आमच्या पाळकांना दाखवलं तर त्यांनी प्रेमानेच पण स्पष्ट सांगितलं की हा शब्द नको. बायबलातल्या १ तीमथ्य २:५ मध्ये देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितलाय, तो ख्रिस्त. आईला ते पद देता येणार नाही. त्यांचं म्हणणं पटलं. आईला तर सगळ्यात आधी पटलं असतं.

मग राहिलं काय? 'प्रार्थनाशील माता' असं बऱ्याच दगडांवर दिसतं. चांगलं आहे, पण त्यात तिचा आवाज नाही. 'प्रार्थना' हा शब्दच मला इथे थोडा अपुरा वाटतो. त्याची फोड प्र आणि अर्थ्, म्हणजे मागणं. शाळेत आपण प्रार्थना 'म्हणतो', ठरलेली, एका सुरात. आमच्या घरी प्रार्थना 'करतात'. डोळे मिटायचे आणि मनात असेल ते मोठ्याने बोलायचं. एकाच नामाला दोन क्रियापदं आणि दोन्हींचं जग वेगळं. पण आई पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरात जे करायची, त्याला ती स्वतः यातलं काहीच म्हणत नसे. ती म्हणायची, "थांब, अजून नावं घ्यायचीत."

गुडघे गेले होते, त्यामुळे गुडघ्यावर बसणं शेवटची पंधरा वर्षं बंद. भिंतीला पाठ टेकून पाटावर बसायची, डोक्यावर पदर, मांडीवर पवित्र शास्त्र. त्यात पानोपानी चिठ्ठ्या. पीएमटीची जुनी तिकिटं, लाइट बिलाचे तुकडे, औषधाच्या खोक्याची झाकणं, आणि प्रत्येकावर एकेक नाव. आधी आम्ही चौघं वयाप्रमाणे, मग सुना-जावई, मग नातवंडं, मग वाड्यातली माणसं, आणि शेवटी अशी कुणीतरी ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. दूधवाल्याचा मुलगा ससूनमध्ये होता तेव्हा त्याचं नाव तीन महिने होतं. क्रम कधी बदलला नाही. माझं नाव तिसरं. मी आतल्या खोलीत पांघरुणात जागा असायचो आणि तिसरं नाव येईपर्यंत कूस बदलत नसे.

तर प्रश्न असा: एकाने दुसऱ्यासाठी देवाजवळ बोलणं, याला मराठीत नेमका शब्द कोणता?

मोडीवाचक

तुमच्याच ग्रंथात एक शब्द आहे, तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. तुम्ही २:५ सांगितलंत. त्याच अध्यायाचं पहिलं वचन पाहा. तिथे चार गोष्टी ओळीने येतात: विनंत्या, प्रार्थना, रदबदल्या आणि उपकारस्तुती.

रदबदली! मी ख्रिस्ती नाही, पण जुनी कागदपत्रं वाचतो, म्हणून हा शब्द तिथे पहिल्यांदा पाहिला तेव्हा फार आनंद झाला होता. मुळात फारसीतला 'रद्द-ओ-बदल'. 'रद्द' म्हणजे परतवणं आणि 'बदल' म्हणजे देवाणघेवाण. एकाने बोलायचं, दुसऱ्याने परतवायचं, पुन्हा पहिल्याने बोलायचं, असा सवाल-जवाब. हिंदीत 'रद्दोबदल' गेला तो फेरबदलाच्या अर्थाकडे. मराठीने त्याला दरबारात नेलं. कुणावर धन्याची मर्जी खप्पा झाली, कुणाचं वतन अडकलं, तर वजन असलेला माणूस धन्यापुढे उभा राहून त्याच्यासाठी बोलणार, ती रदबदली. जो बोलतो त्याला स्वतःसाठी काही नको असतं. तो आपली पत दुसऱ्याच्या कामी लावतो.

पंचहौदकर

मोडीवाचक, हे वचन मी किती वेळा ऐकलंय! उपासनेत दर दोन-तीन महिन्यांनी येतं. 'रदबदल्या' हा शब्द कानावरून जायचा आणि अर्थ विचारावा असं कधी वाटलं नाही. आभार.

पण अडचण ही, की आज रदबदली म्हटलं की लोकांना बदलीची फाइल आठवते. आमदाराकडे जाऊन केलेली रदबदली. दगडापुढे उभा राहणारा हेच समजेल.

ग्रीकविद्यार्थी

मूळ शब्दाकडे पाहिलं तर रदबदली फार जवळ जाते, म्हणून लिहितो. त्या वचनात ग्रीक शब्द आहे 'एन्टेउक्सिस'. त्याचा धागा 'भेटणं, गाठ घेणं' असा. इजिप्तमध्ये टॉलेमी राजांच्या काळात राजाच्या नावे केलेल्या अर्जाला हाच शब्द होता. तेव्हा भाषांतरकारांनी दरबारी शब्दाला दरबारी शब्दच दिला.

आणि मध्यस्थ-मध्यस्थी हा भेदही लक्षात घ्या. 'मध्यस्थ' हे पद एकाचंच. पण 'मध्यस्थी करणं' हे क्रियापद आमच्याकडे प्रार्थनेच्या बैठकीत कुणीही वापरतो. "आजारी भावंडांसाठी मध्यस्थी करू या" असं म्हणताना पाळकही अडखळत नाहीत. नाम जपून वापरतात, क्रियापद सढळ. तुमच्या पाळकांची हरकत नामाला होती हे बरोबरच आहे.

एक मात्र वाटतं. मध्यस्थ दोन्ही बाजूंना सारखा असतो. लग्न जमवणारा, बांधाचा वाद मिटवणारा. आई कुठे दोन्हीकडे सारखी असते? ती एका बाजूचीच असते.

कॅम्पातली

दादा, आमच्या कॅथलिक घरात या प्रश्नाला वेगळी वाट आहे. आम्ही संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, 'म्हणतो', आणि त्यात पवित्र मरियेला सांगतो, 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर'. म्हणजे आमचा शब्द 'विनंती'. साधा, लग्नपत्रिकेतलासुद्धा. माझी आई आमच्यासाठी विनंती करायची, आणि त्या विनंतीसाठी आणखी एका आईला विनंती करायची. तुम्हा प्रोटेस्टंटांकडे हे चालत नाही हे मला माहीत आहे, वाद घालायचा नाही. फक्त शब्द सांगितला.

आमच्याकडे २७ ऑगस्टला संत मोनिकेचा सण आणि २८ला तिच्या मुलाचा, संत ऑगस्टिनचा. आई आधी आणि मुलगा दुसऱ्या दिवशी, हे मला लहानपणापासून आवडतं. मुलगा उत्तर आफ्रिकेतल्या तागास्त गावी ३५४ साली जन्मला. हुशार, पण आईच्या श्रद्धेपासून लांब गेलेला. ती एका बिशपकडे जाऊन रडली, माझ्या मुलाशी बोला म्हणून मागे लागली. ते शेवटी त्रासून म्हणाले, जा, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. मुलाने हे स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. त्याहून मला चटका लावणारी गोष्ट पुढची. तो कार्थेजहून रोमला निघाला, तेव्हा ती किनाऱ्यापर्यंत मागे गेली. जाऊ नकोस, नाहीतर मला ने. त्याने थाप मारली, ती जवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर त्याच्यासाठी विनवत राहिली, आणि हा जहाजात बसून गेला. ती मागत होती, तो जाऊ नये. तो गेला, तिथून मिलानला पोचला, आणि तिथेच ३८७च्या ईस्टरला तिथल्या बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी ती गेली.

म्हणून आमच्याकडे मुलगा वाया गेलेल्या आईला म्हातारी माणसं एवढंच सांगतात, "मोनिकेला धर."

आणि रदबदलीवरून आठवलं. क्वार्टर गेटजवळचं आमचं सिटी चर्च सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर उभं आहे, १७९२ची गोष्ट. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक शिपाई होते, त्यांच्यासाठी त्यांच्याच एका अधिकाऱ्याने दरबारात शब्द टाकला. मोडीवाचकांच्या हिशेबाने ती रदबदलीच झाली ना?

मोडीवाचक

अगदी तीच. 'शब्द टाकणे' हाही त्याच घरातला वाक्प्रचार. पण शब्द एकदाच टाकतात. रदबदलीत चिकाटी आहे.

सदाशिवपेठेतून

बाहेरून विचारते आहे, चुकलं तर सांगा. आमच्याकडे आई मुलासाठी नवस बोलते. तुमच्याकडे नवस हा शब्द आहे का, की टाळता?

पंचहौदकर

चुकलं काही नाही ताई, उलट योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. शब्द टाळतो, पण शास्त्रात तो आहे. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हन्नाने नवसच केलाय, मुलगा दिलास तर तुलाच वाहीन. मूल नव्हतं, सवत टोचून बोलायची, म्हणून मंदिरात येऊन रडली. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू प्यायली आहे. हटकल्यावर तिने सांगितलं की मी प्यायलेले नाही, माझं दुःख देवापुढे ओतते आहे. मग शमुवेल झाला आणि दूध तुटल्यावर तिने त्याला खरंच मंदिरात नेऊन सोडला. बोलल्याप्रमाणे फेडला. नवसाला 'फेडणं' हे क्रियापद आहे, प्रार्थनेला नाही, आणि आमच्याकडे शब्द टाळण्याचं कारण मला वाटतं तेच असावं. प्रार्थनेत व्यवहार उरू नये, असं आम्हाला शिकवलं गेलं. वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) मात्र मुंबईचे लोक, सगळ्या धर्मांचे, सप्टेंबरच्या जत्रेत मेणाची बाळं वाहतात. तिथे नवस हाच शब्द ऐकू येतो.

हन्नाचं नाव निघालं, म्हणून आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो.

१९९८ ते २००३ मी देवळाची पायरी चढलो नाही. (आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आमच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या चर्चचं नावही पवित्र नाम देवालय.) कारखान्यातली नोकरी सुटली, मग दारू, मग घरातल्या वस्तू विकण्यापर्यंत मजल. एका पहाटे मी बाहेरूनच घरी आलो, चपला हातात घेऊन. स्वयंपाकघरात दिवा होता. पहिलं नाव झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर ती थांबली. मग जे ऐकलं ते प्रार्थनेच्या सुरात नव्हतंच. भाजीवाल्याशी बोलावं तसं. "हन्नाचं ऐकलंस. तिला तर मूल नव्हतं, तरी दिलंस. माझं दिलेलं आहे ते राखायला तुला काय झालं? नाही म्हणालास तर उद्या परत येईन. परवाही येईन. तुला बरं वाटतं का हे?" मग नाक ओढण्याचा आवाज, आणि चौथं नाव.

मी त्या दिवशी सुधारलो नाही. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं लागली, आणि त्यात एका मित्राचा आणि एका डॉक्टरांचाही हात आहे. पण देवाशी असं बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मोडीवाचकांनी 'रद्द' म्हणजे परतवणं असं लिहिलं आणि ही पहाट डोळ्यांपुढे आली. ती परतवत होती.

ग्रीकविद्यार्थी

पंचहौदकर, मग मत्तय १५ मधली कनानी बाई घ्या. तीही आईच. मुलगी भूतग्रस्त. येशू आधी उत्तरच देत नाही. शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. मग येशू म्हणतो, मुलांची भाकरी घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. इथे कुणीही उठून गेलं असतं. ती म्हणते, खरं आहे प्रभू, पण कुत्रीही धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातातच की. त्याचंच वाक्य उचललं आणि त्यालाच परत दिलं! आणि येशू म्हणतो, बाई, तुझा विश्वास मोठा. रद्द आणि बदल, दोन्ही त्या चार ओळींत आहेत. देव ज्याचा नाश करणार होता त्या सदोम गावासाठी अब्राहामाने पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत घासाघीस केली, तीही हीच. पण तो गावासाठी बोलत होता. ही एका मुलीसाठी.

कॅम्पातली

दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. एक सुचवू का? आई स्वतः 'नावं घ्यायचीत' म्हणायची ना? तोच शब्द ठेवा. मराठीत बाई नाव घेते ती उखाण्यात, नवऱ्याचं, चारचौघांत लाजत. किंवा देवाचं नाव घेते. तुमच्या आईने देवापुढे मुलांची नावं घेतली. हे कुठल्याही कोशात शोधायला नको, दगडापुढे उभं राहणाऱ्या कुणालाही कळेल.

सदाशिवपेठेतून

मला पटलं. 'नावं ठेवणं' एवढं जवळ असूनही 'नावं घेणं' किती वेगळं!

पंचहौदकर

काल चौघं बसलो. धाकट्या बहिणीने आईचं शास्त्र आणलं होतं, चिठ्ठ्यांसकट. १ तीमथ्यचं पान उघडलं तर दुसऱ्या अध्यायापाशी माझ्या नावाची चिठ्ठी. आता ती तिने तिथेच ठेवली होती, की हाताळताना सरकून आली, हे सांगता येणार नाही. बहीण म्हणते ठेवली होती. तिकीट शिवाजीनगर ते स्वारगेटचं, शाई उडालेली.

ठरलं ते असं. वर्षाच्या प्रार्थनेला थोरला भाऊ १ तीमथ्य २ वाचेल आणि 'रदबदल्या' या शब्दावर थांबून, इथे जे कळलं ते मंडळीला सांगेल. मोडीवाचक, तुमचं नाव नाही, पण 'एका जाणत्या माणसाने सांगितलं' असं म्हणेल, चालेल ना? दगडावर मात्र: 'तिने आमची नावं घेतली.'

कारागीर अक्षराप्रमाणे पैसे घेतो. त्याने वाचलं, बोटांवर मोजलं, म्हणाला दहा अक्षरं, जोडाक्षर एकही नाही, सोपं आहे. मग विचारलं, "'नावं'वर टिंब द्यायचं ना नक्की? नाहीतर एकच नाव होईल." म्हटलं, द्या. खोल द्या.