व्हेला कशाला दोष?
गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाच्या छातीतली स्तनग्रंथी वाढणं, असलेल्या एकानं विचारलंय, व्हे पावडर घेतली तर छाती आणखी वाढेल का. व्हे म्हणजे दुधातलं प्रथिन, त्यानं गायनेकोमास्टिया होत नाही. मलाही आहे. म्हापशाच्या जिममध्ये दोन वर्षं ढगळ टी-शर्टात बेंच प्रेस मारलं. खांदे भरले, चरबी उतरली, पण स्तनाग्रामागची गाठ तशीच. ती ग्रंथी आहे, व्यायामानं विरघळत नाही. भ्यायचं ते ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’च्या डब्यांना. त्यांत न सांगता स्टेरॉइड घातलेलं असू शकतं, आणि काही स्टेरॉइडचं शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक होतं, त्यानं ही ग्रंथी वाढते. वयात येताना झालेली वाढ बहुधा दोनेक वर्षांत ओसरते. गाठ एकाच बाजूला, कडक लागली तर मात्र बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवाच. बाकी प्रथिनंच हवीत तर 100 ग्रॅम बांगड्यात 18-20 ग्रॅम प्रथिनं असतात, हुमणातल्या, म्हणजे माशाच्या कालवणातल्यासुद्धा!