उत्तर मुंबईत भाजपचे राम नाईक २००४ च्या लोकसभेला नेमके कशामुळे पडले?

चारकोपकर: आमच्याकडे काल चहावर वाद झाला. बाबा म्हणतात १९८९ पासून सलग ५ वेळा निवडून आलेला माणूस, काँग्रेसकडून उभ्या राहिलेल्या अभिनेता गोविंदासमोर पडलाच कसा? त्याआधी इथे कोण होतं, कोणी नीट सांगेल का?

दहिसरवाला: गोविंदा विरारचा पोरगा, आणि तेव्हा वसई-विरार याच मतदारसंघात होतं ना. ४८ हजारांच्या आसपास फरक होता. पण २००९ चा पराभव मला जास्त लागला, काँग्रेसच्या संजय निरुपमांकडून फक्त ५,७७९ मतांनी, आणि मनसेच्या उमेदवाराने दीड लाखाच्या आसपास मतं घेतली, मग काय होणार सांगा. तोवर मतदारसंघांच्या पुनर्रचनेत वसई-विरार पालघरला गेलं होतं.

गोरेगावची आजी: बाळांनो, त्याच्याही आधीचं सांगते. १९७७ ला मृणालताई गोरे इथूनच लोकसभेत गेल्या. पाणीवाली बाई म्हणायचे त्यांना, लाटणी घेऊन मोर्चात गेलेल्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्यात. आणि ५७, ६२ ला उत्तर मुंबईतून नेहरूंचे संरक्षणमंत्री राहिलेले कृष्ण मेनन, ६२ ला समोर आचार्य कृपलानी होते!

चारकोपकर: आजी, खूप आभार, बाबांना वाचून दाखवतो. आता मात्र चुरसच गेली बघा, २०१४ ला गोपाळ शेट्टी साडेचार लाखांच्या जवळपास फरकाने आले, २०२४ ला पीयूष गोयल साडेतीन लाखांच्या वर. लोकलची गर्दी मात्र तेवढीच, बोरिवलीला सकाळी ८ ला चढून दाखवा.