जागलीचा टेंट पहाटे आतून ओला, पाठ खालून गार. काय करावं?

धुऱ्यावरचा
हरभऱ्यात रात्री रोही अन् डुकरं उतरतात, म्हणून जागल सुरू आहे. टेंट ऑनलाइन घेतलेला, एकपदरी, साडेसहा बाय पाच फुटांचा. पाऊस नाही तरी पहाटे छतातून थेंब पडतात, ब्लँकेट ओलं होतं. थंडी लागते म्हणून चेन पूर्ण लावून झोपतो. खाली ताडपत्री, तिच्यावर हवा भरायची गादी, अंगावर दोन ब्लँकेट, तरी पाठ गार पडते. टेंट ओलिताच्या नालीजवळ आहे, सपाट जागा तेवढीच. वॉटरप्रूफ स्प्रे मारू, की टेंटच बदलू?

ताडपत्रीवाला
स्प्रे नको, भाऊ. ते पाणी बाहेरून येतच नाही. माणसाच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी सहज निघतं. निरभ्र रात्री टेंटचं कापड आपली उष्णता आभाळाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. मग आतली वाफ त्यावरच थिजते. चेन पूर्ण लावली की वाफेला वाटच राहत नाही. नालीकाठची ओली काळी जमीन त्यात भर घालते.

दोन कामं करा. पहिलं, वरची खिडकी उघडी ठेवा आणि दाराची चेन वरून वीतभर खाली घ्या, जाळी मात्र बंद. वाफ वर चढते, म्हणून वरचं तोंड महत्त्वाचं. थोडी गार हवा आत येईल, पण कोरड्या पांघरुणात ती सोसवते, ओल्यात नाही.

दुसरं, टेंटच्या वर फूटभर अंतर सोडून १२ बाय १० फुटांची ताडपत्री ताणा. दोन बांबू, मध्ये दोर, ताडपत्री दोन्हीकडे उतरती, बाजू मोकळ्या. दहिवर ताडपत्रीवर पडतं, टेंटचं कापड तेवढं गार होत नाही. ताडपत्री कापडाला टेकली तर फायदा गेला, टेकलेल्या जागी हटकून ओल धरते. एवढं केल्यावर नवा टेंट लागणार नाही.

जागा तर बदलाच. गार हवा जड असते, रात्री उतारानं सखल भागात येऊन साचते. नालीपासून दूर, धुऱ्याजवळच्या उंच जागेवर जा. ज्या पट्ट्याला दोन-चार दिवसांत पाणी दिलं तो टाळा.

भंडाऱ्याकडचा
पाठीचं कारण गादी. तिच्यात नुसती मोकळी हवा असते, अंगाजवळची गरम हवा आतल्या आत फिरून जमिनीकडे उष्णता देत राहते. वरून तिसरं ब्लँकेट घेऊन पाठीला उपयोग नाही, आणि ते खाली घातलं तरी अंगाखाली दबलेल्या कापडात हवा उरत नाही. गादी वापरायचीच असेल तर तिच्यावर १० मिलिमीटरचा फोम टाका, खाली नाही.

त्याहून स्वस्त म्हणजे तणीस, वाळका पेंढा. धानाची असेल तर उत्तम, तिच्या नळीत हवा अडकते. तुमच्याकडे गव्हांडा चालेल. सोयाबीनचं कुटार टोचतं आणि लवकर दबतं. बारदान्याच्या दोन पोत्यांत भरून तोंड शिवा, झोपल्यावर दबून चार बोटं जाडी राहिली पाहिजे. मोकळी तणीस टेंटखाली पसरू नका, तिच्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पोती दिवसा उन्हात टाका, नाहीतर तिसऱ्या रात्री तीच ओल धरतात.

डोकं पांघरुणात घेऊन झोपायची सवय सोडा. श्वासाची वाफ पांघरुणातच जिरते. कानटोपी घाला, तोंड बाहेर ठेवा. दिवसभराचे घामाचे कपडे अंगावर ठेवून झोपू नका, सुती बनियन घाम धरून ठेवते.

धुऱ्यावरचा
समजलं. मग दोघं आत असताना थोडा वेळ सिगडी ठेवली तर? कोळसा विझत आलेला असला तरी?

ताडपत्रीवाला
बिलकुल नाही. विझत आलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला वास नाही, गुंगी येते आणि माणूस उठत नाही. खिडकी उघडी आहे म्हणूनही ठेवायची नाही. शेकोटी बाहेरच, टेंटपासून किमान दहा-बारा फूट, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. हे कापड एका ठिणगीनं वितळतं. डासांची अगरबत्तीसुद्धा आत नको.

ऊब हवी तर स्टीलच्या बाटलीत लिटरभर गरम पाणी भरा, झाकण लावून बाटली उलटी करून तपासा, जाड मोज्यात घालून पायांशी किंवा मांड्यांमध्ये ठेवा. प्लास्टिकची पाण्याची बाटली उकळत्या पाण्यानं वाकडी होते.

खुंटीवाला
एक राहिलं. टेंटखालची ताडपत्री टेंटच्या कडेबाहेर दिसते का? दिसत असेल तर दुमडून चारही बाजूंनी दोन बोटं आत घ्या. बाहेर राहिली तर वरचं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली नेते. अवकाळीत लोक टेंटला नावं ठेवतात, दोष बहुतेक वेळा इथं असतो.

टेंटसोबत येणाऱ्या वीतभर खुंट्या काळ्या मातीत टिकत नाहीत. वाळली की माती फाटते, भिजली की लोणी होते. बाभळीच्या दीड फुटी खुंट्या करा, डोकं टेंटपासून बाहेर झुकवून ठोका. ताडपत्रीचा दोर टेंटवरून जातो, त्याला दोन्ही टोकांशी सुतळीचा वीतभर तुकडा बांधा. दोरावरून घसरत येणारं पाणी सुतळीवरून खाली गळतं.

विजा चमकत असतील तर झाडाखालीही नको अन् टेंटमध्येही नको, सरळ घर गाठा. हरभरा डुकरांनी खाल्ला तर खाऊ द्या.

धुऱ्यावरचा
जागा आजच बदलतो. गव्हांडा भावाच्या गोठ्यात पडला आहे, पोती शिवून घेतो.

भंडाऱ्याकडचा
पोती खताची घेऊ नका, बारदान्याचीच. अन् सकाळी टेंट ओला असताना घडी घालू नका. उलटा करून तासभर उन्हात टाका, नाहीतर बुरशीचा वास धुऊनही जात नाही.